नाकारलेला नफा, मांडलेला हिशेब

गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात सूरजागडचे डोंगर आहेत. भद्रावतीच्या केसरिया पार्श्वनाथांच्या दर्शनाला जाणाऱ्या समाजबांधवांपैकी फार थोड्यांनी ते पाहिले असतील. कारण चंद्रपूर मागे टाकून, आलापल्लीच्या सागवानाचे रान ओलांडून बरेच आत गेल्यावर ते लागतात. या डोंगरांच्या पोटात उच्च प्रतीचे लोहखनिज आहे आणि अंगावर माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. गेल्या काही वर्षांत तेथे खाणकामाने वेग घेतला. २०२३ मध्ये वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून १ कोटी टनांपर्यंत वाढविण्यास परवानगी मिळाली. तांबड्या धुळीने माखलेले ट्रक रस्त्याने जात असतात आणि कडेला उभा राहिलेला माणूस, शिकलेला असो वा निरक्षर, एक प्रश्न मनात आणल्यावाचून राहत नाही : हे सारे जाते कोठे, आणि त्याच्या मोबदल्यात इथे येते काय?

हा प्रश्न मुळात व्यापाऱ्याचा आहे. माल बाहेर पडला की त्याची किंमत पेढीत आली पाहिजे. नावे टाकले तर जमाही दिसले पाहिजे. सूरजागडचा मुलूख पूर्वी चांदा जिल्ह्यात होता आणि चांदा जिल्हा १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात. या प्रांतासह साऱ्या हिंदुस्थानाविषयी हाच प्रश्न आकड्यांनिशी मांडणारा पुरुष व्यापारीच होता. तो मुंबईचा पारशी. पोटासाठी नव्हे, परंतु व्यापारासाठी विलायतेला गेलेला. पुढे त्याच विलायतेच्या पार्लमेंटात निवडून गेलेला. त्याचे नाव दादाभाई नौरोजी. शाळेच्या पुस्तकांत दादाभाई ‘भारताचे पितामह’ म्हणून भेटतात, आणि त्या आदरार्थी पदवीमागे त्यांच्यातला व्यापारी झाकला जातो. व्यापारी घराण्यांनी मात्र तो व्यापारी ओळखून घेतला पाहिजे. कारण त्यांचे राजकारण पेढीच्या वहीतूनच उगवले होते.

ऋणाची पहिली नोंद

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणे मूळचे नवसारीकडचे, पारशी पुरोहितांचे, स्थिती गरिबीची. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील नौरोजी पालनजी वारले. आई माणेकबाई निरक्षर होत्या, परंतु त्यांनी कष्ट करून मुलाला शिकविले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अकराव्या वर्षी त्यांचा विवाहही झाला. शिक्षण एल्फिन्स्टन संस्थेत झाले, आणि तेही विनामूल्य. फी द्यावी लागली असती तर ते घडलेच नसते.

उतारवयात त्यांनी आपल्या तरुणपणाच्या आठवणी लिहिल्या. त्यांतील दोन-तीन गोष्टी श्रावकांच्या घरी वाचल्या जाव्यात अशा आहेत. पंधरावे वर्ष लागताना एका ठरावीक दिवशी, रस्त्यावरच्या एका ठरावीक जागी उभे राहून त्यांनी नियम घेतला की, यापुढे तोंडातून हलका शब्द काढावयाचा नाही. दुसरी गोष्ट मद्याची. जेवणापूर्वी थोडे घेण्याची घरात रीत होती. एके दिवशी घरातले संपले म्हणून त्यांना समोरच्या गुत्त्यावर पाठविण्यात आले. तेथे जाण्याची इतकी लाज वाटली की त्या दुकानाने त्यांचे तोंड पुन्हा पाहिले नाही. आपल्याकडे ज्याला पच्चक्खाण म्हणतात, त्याहून हे निराळे काय होते? गुरुमहाराज समोर नव्हते, विधी नव्हता. पण नियम होता, दिवस होता, जागा होती आणि तो आयुष्यभर पाळणारे मन होते.

तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची. आपले शिक्षण फुकट झाले असे बहुतेक विद्यार्थी समजतात आणि विसरतात. दादाभाईंनी ते तसे समजले नाही. ही रक्कम कोणीतरी भरली आहे, आणि ते भरणारे म्हणजे गोरगरीब रयत आहे, असा हिशेब त्यांनी मांडला. लोकांकडून जे मिळाले ते आपल्याजवळचे उत्तम ते देऊन फेडले पाहिजे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला. जी रक्कम मागायला कोणी सावकार येणार नव्हता, तिची नोंद या तरुणाने आपल्या नावे टाकून घेतली. पुढच्या साठ-सत्तर वर्षांचे त्यांचे जीवन हे त्या एका नोंदीची परतफेड आहे.

परतफेड लगेच सुरू झाली. सहकाऱ्यांसह त्यांनी १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. शिक्षक सकाळी आपले काम सुरू होण्यापूर्वी तेथे विनावेतन शिकवीत. १८५१ मध्ये ‘रास्त गोफ्तार’ हे पत्र सुरू केले. या नावाचा अर्थच सत्य बोलणारा. एल्फिन्स्टनमध्ये गणित आणि सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापकपद त्यांना मिळाले. त्या जागेवर बसणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. मानाची, निश्चित पगाराची ही जागा तिशीच्या उंबरठ्यावर सोडून ते व्यापारात शिरले, तेव्हा मित्रांना आश्चर्य वाटले असल्यास नवल नाही.

नाकारलेला नफा

२७ जून १८५५ रोजी दादाभाई मुंबईहून विलायतेस निघाले. कामा कुटुंबाने लंडन आणि लिव्हरपूल येथे पेढी घातली होती. इंग्लंडात निघालेली ही पहिली हिंदी व्यापारी पेढी. तिचे भागीदार म्हणून दादाभाई गेले. तोवर हिंदुस्थानाच्या मालाचा विलायतेतील व्यवहार इंग्रज दलालांच्या हाती होता. आपला माल आपल्याच माणसाने जाऊन विकावा, ही कल्पना नवी आणि धाडसाची होती.

पेढी चालू लागली. परंतु तिच्या व्यवहारात अफू होती आणि मद्यही होते. त्या काळी यात कोणाला वावगे वाटत नसे. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जाई आणि त्या व्यापारावर मुंबईतील कितीतरी घराणी उभी राहिली. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते. आपल्या समाजातलेही होते, हे मान्य केले पाहिजे. सरकारला त्यातून महसूल मिळे, कायद्याची त्याला आडकाठी नव्हती, आणि १८५६ पासून तर या व्यापाराची वाट चीनमध्ये मोकळी राहावी म्हणून इंग्रज सैन्य दुसऱ्यांदा लढत होते. असा राजमान्य, लोकमान्य आणि भरघोस नफ्याचा धंदा दादाभाईंना पटेना. ज्या मालाने घेणाऱ्याचे घर बुडते, त्यातला वाटा आपण कसा घ्यावा, हा त्यांचा आक्षेप होता. तीन वर्षांच्या आत, १८५८ मध्ये, त्यांनी भागीदारी सोडली. त्यांच्याबरोबर खरशेदजी रुस्तमजी कामाही बाहेर पडले.

श्रावकाचार जाणणाऱ्यांना येथे पंधरा कर्मादानांची आठवण होईल. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांनी वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाला श्रावकाची व्रते समजावून दिली आहेत. आनंद काही निष्कांचन नव्हता. चार कोटी सुवर्ण ठेवीत, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात गुंतलेला तो श्रीमंत गृहस्थ होता. त्याला व्यापार सोडण्यास सांगितलेले नाही; कोणता व्यापार करू नये ते सांगितले आहे. त्या यादीत रसवाणिज्य आहे, ज्यात मद्य येते. विषवाणिज्य आहे, ज्यात अफूसारखा माल सहज बसतो. दादाभाईंनी हे सूत्र वाचले असण्याचे कारण नाही. ते झरथुष्ट्राचे अनुयायी होते आणि सुविचार, सुवचन, सुकृती हा त्यांचा धर्म होता. तरीही वेगळ्या वाटेने ते त्याच मुक्कामाला पोहोचले. पेढीची खरी पत तिने मिळविलेल्या नफ्याइतकीच तिने नाकारलेल्या नफ्यावर उभी असते. अडचण एवढीच की, नाकारलेला नफा कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

१८५९ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाची पेढी काढली. व्यवहार मुख्यतः कापसाचा. लिव्हरपूल हे त्या काळी कापसाचे जगातले मोठे बंदर. विदर्भातल्या वाचकांना सांगायला हवे की, हिंगणघाटचा कापूस तेथील बाजारात त्याच नावाने ओळखला जाई. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस बंद झाला आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडू लागला. त्या पावसात सर्वांत उंच वाढलेले नाव आपल्याच समाजातले : शेठ प्रेमचंद रायचंद. त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर आजही मुंबई विद्यापीठाच्या आवारात उभा आहे. १८६५ च्या वसंतात युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील पेढ्या, बँका आणि कंपन्या एकामागोमाग एक बसल्या. दादाभाईंच्या पेढीलाही जबर तडाखा बसला. ती पुन्हा पूर्वीसारखी उभी राहिली नाही.

व्यापारी म्हणून दादाभाई यशस्वी ठरले, असे म्हणता येणार नाही. परंतु या दहा-अकरा वर्षांनी त्यांना एक विद्या दिली, जी त्या काळच्या वकील-बॅरिस्टर पुढाऱ्यांपाशी नव्हती. हुंडणावळ कशी चालते, जहाजभाडे आणि विमा कोणाच्या खिशात जातो, कापसाच्या गाठीवर शेतकऱ्याला काय मिळते आणि लिव्हरपूलला काय उठते, हे त्यांनी स्वतःच्या वहीत पाहिले होते.

देशाचा ताळेबंद

दादाभाईंनी १८६६ मध्ये लंडन येथे ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली आणि पुढच्याच वर्षी तिच्यापुढे निबंध वाचून एक गोष्ट सांगितली : हिंदुस्थानात गोळा होणाऱ्या महसुलापैकी सुमारे चौथा हिस्सा देशाबाहेर निघून जातो आणि इंग्लंडच्या संपत्तीत भर घालतो. लंडनमधील इंडिया ऑफिसचा खर्च, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, नोकरीत असलेल्यांची घरी जाणारी शिल्लक आणि कर्जावरचे व्याज अशा वाटांनी हा पैसा जाई.

त्यांचे म्हणणे व्यापाऱ्याला एका वाक्यात कळावे असे आहे. एखादी पेढी वर्षानुवर्षे माल बाहेर पाठवीत असेल तर मालाची किंमत आणि वर नफा, एवढे तिच्याकडे परत आलेच पाहिजे. हिंदुस्थानातून निर्यात होते ती अधिक किमतीची आणि परत येते ते कमी. नफा तर राहोच, मुद्दलही पुरे परत येत नाही. इंग्लंडच्या वहीत याच्या उलट दिसते. मग मधली रक्कम गेली कोठे? सरकारी अर्थशास्त्री जादा निर्यातीला भरभराटीचे लक्षण म्हणत. दादाभाईंनी दाखविले की, ज्या निर्यातीचा मोबदला येत नाही ती विक्री नव्हे, तो निचरा होय.

१८७६ मध्ये मुंबईत त्यांनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर निबंध वाचले. पुरावा सरकारच्याच प्रशासकीय अहवालांतून घेतला, आणि पद्धत समजावून देण्यासाठी पहिला प्रांत निवडला तो मध्य प्रांत, म्हणजे नागपूर, वर्धा, चांदा ज्यात येत तो. या अहवालांत पिकाची सरासरी काढताना सर्व जिल्ह्यांचे आकडे मिळवून जिल्ह्यांच्या संख्येने भागलेले असे. कोणत्या जिल्ह्यात किती जमीन त्या पिकाखाली आहे, याचा विचारच नसे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर, एका शाखेने १०० रुपये १२ टक्क्यांनी दिले आणि दुसरीने १ लाख रुपये ५ टक्क्यांनी दिले, तर दोन्ही दर मिळवून दोनाने भागल्यास साडेआठ टक्के येतात. प्रत्यक्षात व्याज पडते ते ५ टक्क्यांच्याच आसपास. नवशिका मुनीमही जी चूक करणार नाही, ती साम्राज्याच्या अहवालांत सुखेनैव छापली जात होती आणि तिच्या आधारावर प्रजा सुखी ठरत होती.

दादाभाईंनी जिल्हावार जमीन, दर एकरी पीक आणि बाजारभाव घेऊन नवा हिशेब केला. मध्य प्रांताची वार्षिक पैदास माणशी १८ रुपये निघाली, मुंबई इलाख्याची २२, पंजाबची २०, बंगालची १५. साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानची सुमारे २० रुपये. या आकड्यांशेजारी त्यांनी दुसरा रकाना मांडला : सरकारी तुरुंगात एका कैद्याच्या अन्न-वस्त्र-अंथरुणावर होणारा वार्षिक खर्च. मध्य प्रांतात तो ३१ रुपये होता. शिक्षा भोगणाऱ्या माणसाला जगविण्यासाठी सरकारला ३१ रुपये लागतात आणि मोकळ्या, निरपराध माणसाच्या वाट्याला सारी पैदास समान वाटली तरी १८ रुपयेच येतात. या दोन रकान्यांनी जे सांगितले, ते शंभर आवेशपूर्ण भाषणांना सांगता आले नसते. त्यात चांद्याच्या रानात राहणारा माणूसही मोजलेला होता. तोवर त्या माणसाची मोजणी सारा आणि जंगलाचे उत्पन्न यांपुरतीच होत असे.

पेढीवरून पार्लमेंटात

व्यापारी राजकारणात शिरला की लोक त्याच्या हेतूविषयी शंका घेतात, आणि बहुधा ती शंका खरी ठरते. दादाभाईंची वाट निराळी होती. १८७४ साली ते बडोद्याचे दिवाण झाले. महाराज मल्हारराव गायकवाडांच्या दरबारातील अनागोंदी आणि रेसिडेंट कर्नल फेअर यांचा विरोध अशा कात्रीत त्यांनी वर्षभर कारभार सुधारण्याचा प्रयत्न केला. आपल्या हाती जबाबदारी आहे पण अधिकार नाही असे दिसताच जानेवारी १८७५ मध्ये त्यांनी पद सोडले. भागीदारी सोडणाऱ्याला दिवाणगिरी सोडणे कठीण गेले नाही. मुंबई नगरपालिका, १८८५ मध्ये मुंबईचे कायदेमंडळ आणि त्याच वर्षाच्या अखेरीस राष्ट्रीय सभेची स्थापना, अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. राष्ट्रीय सभेचे अध्यक्षपद त्यांना १८८६, १८९३ आणि १९०६ असे तीनदा मिळाले.

तरी त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की होती : ज्या पेढीत देशाचा पैसा जातो, त्या पेढीच्या गादीवर जाऊनच हिशेब मागितला पाहिजे. १८८६ मध्ये लंडनच्या होबर्न मतदारसंघातून ते उभे राहिले आणि ३,६५१ विरुद्ध १,९५० मतांनी पडले. दोन वर्षांनी पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी जाहीर सभेत, इंग्लिश मतदार एका काळ्या माणसाला निवडून देण्याइतके पुढे गेलेले नाहीत, अशा आशयाचे उद्गार काढले. दादाभाईंनी अपशब्दाला अपशब्दाने उत्तर दिले नाही. पंधराव्या वर्षीचा नियम त्यांना आठवला असावा. या उद्गारांमुळे त्यांचे नाव इंग्लंडभर झाले आणि न्यायबुद्धीचे कितीतरी इंग्रज त्यांच्या बाजूने उभे राहिले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही त्यांना पाठिंबा होता.

१८९२ मध्ये सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघातून ते निवडून आले. हा लंडनमधील कारागिरांचा, घड्याळे बनविणाऱ्यांचा भाग. मताधिक्य फेरमोजणीनंतर अवघे ५ मतांचे. इंग्रजांना ‘नौरोजी’ उच्चारता येत नसे. त्यांनी विनोदाने त्यांचे नाव ‘नॅरो-मेजॉरिटी’ ठेवले. शपथ घेताना दादाभाईंनी हाती बायबल न घेता आपला खोरदेह अवेस्ता घेतला. परदेशात मोठे पद मिळत असताना धर्म बाजूला ठेवण्याचा मोह त्यांनी मानला नाही.

पुढच्याच वर्षी सनदी नोकरीच्या परीक्षा इंग्लंड आणि हिंदुस्थानात एकाच वेळी व्हाव्यात, असा ठराव कॉमन्स सभेने संमत केला. सरकारने तो अमलात आणला नाही. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाईंचा पराभव झाला. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगावर त्यांची नेमणूक झाली आणि तेथेही त्यांनी हाच हिशेब मांडला. १९०१ मध्ये हे सारे लेखन लंडनहून ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. १९०६ मध्ये कोलकात्याच्या अधिवेशनात, वयाच्या ८१ व्या वर्षी, राष्ट्रीय सभेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ‘स्वराज्य’ हे ध्येय सांगितले. मागणी मोठी होती. पण ती पन्नास वर्षे हिशेब तपासल्यानंतर काढलेली बाकी होती. वर्सोव्याला निवृत्त जीवन घालवून ३० जून १९१७ रोजी ते मुंबईत वारले. मागे मोठी पेढी नव्हती. टिळक, गोखले आणि गांधी या तिघांनीही आदर्श मानलेले एक नाव मागे होते.

सूरजागडचे खाते

आता सूरजागडच्या रस्त्यावरचा प्रश्न पुन्हा पाहावा. राज्य परके नाही. खनिज विलायतेला जात नाही. त्यामुळे दादाभाईंचा निष्कर्ष जसाच्या तसा इथे चिकटविणे अन्यायाचे होईल. मात्र त्यांची पद्धत इथेही चालते.

जमेच्या बाजूला काय दिसते? स्थानिकांना रोजगार मिळाला आहे. चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोखंडाचा कारखाना उभा राहिला आहे, म्हणजे कच्च्या मालाची थोडी किंमत जिल्ह्यातच वाढते. २०१५ मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले. लिलावापूर्वीच्या जुन्या पट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर १० टक्के रक्कम खाणबाधित भागासाठी त्यात जमा व्हावी लागते. नावेच्या बाजूला जंगल आहे, ओढ्यांचे पाणी आहे, देवाचा डोंगर आहे, आणि एकदा काढले की पुन्हा न उगवणारे खनिज आहे. पीक दरवर्षी येते, म्हणून ते उत्पन्न. खनिज काढणे म्हणजे मुद्दल मोडणे. मुद्दल मोडून जी रक्कम येते तिच्यातून नवे मुद्दल उभे राहिले, म्हणजे शाळा, दवाखाना, पाणी, हाताला हुन्नर, तरच ती पेढी टिकते. ही गोष्ट व्यापारी घरातल्या लहान मुलालाही समजते.

प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या मार्गाने देऊ पाहणारेही येथे झाले. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिज वाहतुकीची सत्तरहून अधिक वाहने जाळली. त्या ज्वाळांनी एका माणसाचेही १८ रुपयांचे १९ झाले नाहीत. दादाभाईंनी सूर्य न मावळणाऱ्या साम्राज्याशी आयुष्यभर झगडा केला, तो एका रकान्याशेजारी दुसरा रकाना मांडून. अहिंसेवर श्रद्धा असणाऱ्यांना यात मोठा धडा आहे. हिशेब बिनचूक असेल तर तो हिंसेपेक्षा जास्त काळ टिकतो.

आणि एक प्रश्न स्वतःला विचारण्याचा आहे. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्याबरोबर स्फोटककर्मही आहे, म्हणजे जमीन फोडण्याचा, खाणीचा धंदा. वनकर्म आहे, अंगारकर्मही आहे. आज घराच्या स्लॅबमधली सळई, दुकानाचे शटर आणि देरासरचा कळस चढविणारी क्रेन या सर्वांत लोखंड आहे. त्यापासून पूर्ण अलिप्त राहणे गृहस्थाला शक्य नाही. आचार्यांनाही गृहस्थाच्या मर्यादा ठाऊक होत्या. म्हणूनच त्यांनी परिमाण सांगितले. आपण जे विकतो, ज्यात पैसा गुंतवितो, ज्याचे समभाग घेतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे आणि त्याच्या घरी काय जाते, हे एकदा पाहावे. तंबाखू, गुटखा, मद्य यांच्या एजन्सीला एखाद्या तरुणाने नकार दिला तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्याला व्यवहारशून्य म्हणू नये. व्यवहार कळत असूनही नकार देणाऱ्या एका तरुण भागीदारानेच पुढे देशाला आपला हिशेब वाचायला शिकविले.

दिवाळीला नवी वही पुजताना आपण पहिल्या पानावर श्री लिहितो. गौतमस्वामींची लब्धी, शालिभद्राची ऋद्धी, अभयकुमाराची बुद्धी मागतो. त्याच पानाच्या पाठीमागे दोन ओळी आणखी लिहिण्यास जागा असते : समाजाचे जे फुकट मिळाले असे वाटते ते कोणाचे देणे आहे, आणि या वर्षी कोणता नफा घ्यावयाचा नाही. या नोंदी प्राप्तिकर अधिकारी पाहणार नाही आणि लेखापरीक्षकही तपासणार नाही. पेढीचा खरा ताळा मात्र याच दोन ओळींवर जुळतो.